अमेरिकेतल्या बंदुका: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत गोळीबार झाल्याची बातमी मराठी वाहिन्यांवर झळकली की तासाभरात घरून फोन येतो. "तुमच्या जवळपास झालं का गं?" हा आईचा पहिला प्रश्न. त्यापाठोपाठ, "तिथं म्हणे कोणालाही बंदूक मिळते?" अठरा वर्षं इथं राहून, दोन मुलं इथल्या शाळेत घालून मी या प्रश्नांची उत्तरं जमेल तशी देत आले. नव्यानं आलेली मंडळीही तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. राज्याराज्यांत नियम बदलतात, त्यामुळे प्रत्यक्ष निर्णय घेण्याआधी आपल्या राज्यातल्या वकिलाला जरूर विचारा.

इथं खरंच कोणालाही बंदूक विकत मिळते का?

कोणालाही नाही, पण भारताच्या मानानं फारच सहज. परवाना असलेल्या दुकानात गेलात की ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा. दुकानदार तुमचं नाव एफबीआयच्या यंत्रणेत तपासतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत होकार येतो. दुकानातून रायफल किंवा शॉटगन घ्यायला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत, पिस्तुलासाठी २१. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेले, अमली पदार्थ घेणारे, मानसिक स्थितीमुळे धोकादायक आहेत असं न्यायालयानं ठरवलेले, अशांना मनाई आहे.

ही तपासणी आली ती १९९३च्या ब्रॅडी कायद्यानं. १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी डोक्याला गोळी लागून कायमचे अपंग झाले. ते आणि त्यांच्या पत्नी सारा वर्षानुवर्षं या कायद्यासाठी झगडले.

त्यात दोन मोठ्या फटी राहिल्या. पहिली अशी, की संघराज्याचा, म्हणजे केंद्राचा, कायदा फक्त व्यवसाय म्हणून बंदुका विकणाऱ्याला तपासणीची सक्ती करतो. एखाद्यानं आपली जुनी बंदूक ओळखीतल्या माणसाला विकली, तर अनेक राज्यांत काहीच तपासावं लागत नाही. दुसरी फट म्हणजे, तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्या तरुणाच्या हाती पिस्तूल याच फटीतून पडलं.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला घेता येईल का?

नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, म्हणजे नोकरीच्या एच-१बी, विद्यार्थ्यांच्या एफ-१ आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही, बंदूक किंवा काडतुसं घ्यायला आणि जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. थोडे अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. ग्रीनकार्डधारकाला मात्र नागरिकासारखीच खरेदी करता येते.

माझा मामेभाऊ टेक्सासला आला तेव्हा ऑफिसातली मुलं त्याला शूटिंग रेंजवर घेऊन निघाली होती. "विकत थोडीच घेतोय, तासभर भाड्यानं तर घ्यायची," असं त्याचं म्हणणं. कायद्यातला "ताबा" हा शब्द फार रुंद आहे, हातात धरून गोळी झाडणं हाही ताबाच. स्टुडंट व्हिसा संपलेल्या एका परदेशी विद्यार्थ्यानं फ्लोरिडातल्या रेंजवर नेमबाजी केली आणि त्याच्यावर खटला भरला गेला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २०१९च्या त्या रेहाइफ खटल्यात न्यायालय म्हणालं, की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करायला हवं. म्हणजे माहीत असून गेलात तर बचाव उरत नाही. आणि हे वाचल्यावर तुम्हाला माहीत झालेलंच आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असेल, पण संघराज्याच्या कायद्यात तो अजून अमली पदार्थच आहे. गांजा घेणाऱ्यानं ४४७३वर अमली पदार्थांच्या प्रश्नाला "नाही" लिहिलं तर ते खोटं विधान ठरतं.

टेक्सासहून न्यू जर्सीला बदली झाली तर बंदूक सोबत नेता येईल?

आधी वकील, मग सामान. टेक्सासमध्ये २०२१पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. न्यू जर्सीत खरेदीसाठीच पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावं लागतं, प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना लागतो आणि टेक्सासचा बाळगण्याचा परवाना तिथं चालत नाही. एका राज्यातली रोजची सवय दुसऱ्या राज्यात तुरुंगवासाचा गुन्हा ठरू शकते.

हा हक्क आला कुठून?

१७९१मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतून. इंग्रजीत अवघे २७ शब्द. त्यांचा आशय असा, की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित नागरी सैन्यदल आवश्यक असल्यानं, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग सैन्यदलाबद्दल बोलतो, दुसरा लोकांच्या हक्काबद्दल. सगळं भांडण या दोन अर्ध्या भागांच्या नात्याचं आहे.

सर्वोच्च न्यायालयानं २००८पर्यंत हा वैयक्तिक हक्क आहे असं स्पष्टपणे म्हटलेलंच नव्हतं. त्या वर्षी हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी, आणि त्याच निकालात त्यांनी हेही लिहिलं, की हा हक्क अमर्याद नाही. पहिलं वाक्य बंदुकवाले उद्धृत करतात, दुसरं त्यांचे विरोधक. २०१०च्या मॅकडोनाल्ड निकालानं तो हक्क राज्यांनाही लागू झाला.

मग आला २०२२चा ब्रूएन खटला. न्यू यॉर्कमध्ये शंभरहून अधिक वर्षं पिस्तूल सोबत बाळगायला "मला खास गरज का आहे" हे पटवून द्यावं लागे. आपल्याकडे शस्त्रपरवान्याच्या अर्जात जिवाला धोका कसा आहे ते सांगावं लागतं, साधारण तसंच. न्यायालयानं ते सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केलं, आणि पुढचे कायदे अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतात का हे तपासायची कसोटी घालून दिली. ही कसोटी मला पटत नाही. अठराव्या शतकात शेजाऱ्याच्या घरात एका दमात तीस गोळ्या झाडणारं हत्यार नव्हतं आणि त्यासाठीचा कायदाही नव्हता. २०२४मध्ये रहिमी खटल्यात मात्र न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की घरगुती हिंसेमुळे ज्याच्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई आदेश आहे, त्याच्या हाती बंदूक राहू नये हा कायदा वैध आहे. ज्या बायकांच्या जिवाला नवऱ्यापासून धोका आहे त्यांच्यासाठी हा निकाल फार मोठा आहे.

दरवर्षी किती माणसं बंदुकीनं मरतात?

२०२३मध्ये ४६ हजार ७२८. इथल्या रस्ते अपघातांतल्या मृत्यूंहून जास्त.

आता हा आकडा फोडून बघा, कारण बातम्यांत तो कधीच फोडून सांगत नाहीत. त्यातल्या २७ हजार ३०० आत्महत्या होत्या. खून १७ हजार ९२७. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळीनं झालेले मृत्यू आणि कारण निश्चित न झालेले. म्हणजे दर दहा मृत्यूंमधले जवळजवळ सहा स्वतःच्या हातानं, बहुधा स्वतःच्याच घरात. आणि २०२०पासून एक ते सतरा वयाच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. कर्करोग नाही, गाडीचा अपघात नाही.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो दहातल्या सहांचा आकडा. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो रायफल घेऊन मॉलमध्ये शिरलेला अनोळखी माणूस. प्रत्यक्षात बहुतेक मृत्यू घरातल्या कपाटातून, उशाखालून, गाडीच्या कप्प्यातून निघालेल्या पिस्तुलानं होतात, ओळखीच्या माणसाच्या किंवा स्वतःच्याच हातानं.

ज्याला मरायचंच आहे तो कसाही मरेल ना?

हे मी शिकलेल्या, समजूतदार माणसांकडूनही ऐकलं आहे. हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणाला कळायला नको.

विदर्भातला, मराठवाड्यातला शेतकरी आठवा. घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली, आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून अधिक घसरलं. दुःख, कर्ज, दारू यातलं काहीही श्रीलंकेतून नाहीसं झालं नव्हतं. फक्त त्या एका वाईट तासात हाताशी असलेली वस्तू कमी घातक झाली होती.

बंदुकीचंही तसंच. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा तासा-दोन तासांत ओसरतो. जी माणसं अशा प्रयत्नातून वाचतात त्यांतली दहापैकी नऊ पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. पण बंदुकीच्या प्रयत्नातून वाचण्याची संधीच जेमतेम दहात एक. इस्रायलच्या सैन्यानं २००६मध्ये सैनिकांना सुटीवर घरी जाताना रायफल छावणीत ठेवायला सांगितलं आणि त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिस्तूल असलेल्या पुरुषांचा बंदुकीनं आत्महत्या करण्याचा धोका पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या जवळपास आठपट दिसला, बायकांमध्ये तर पस्तीसपट.

त्यामुळे कुठल्याही बंदूक-कायद्याची बातमी वाचताना मी एकच गोष्ट बघते: हा कायदा हात आणि बंदूक यांच्यात वेळ घालतो का? दहा दिवसांची प्रतीक्षा असो, पोलिसांकडून खरेदीचा परवाना असो की कपाटाला कुलूप असो, मधला वेळ वाढतो तिथं माणसं वाचतात.

तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी अशा अंधारातून जात असेल तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो. आणि त्या घरात बंदूक असेल तर ती काही दिवस घराबाहेर हलवा.

मग शाळांतल्या गोळीबारांचं काय? ते तर खरे आहेत ना?

खरे आहेत, भयंकर आहेत. कोलंबाइन १९९९, १३ जीव. सँडी हुक २०१२, सहा-सात वर्षांची २० मुलं आणि सहा मोठी माणसं. पार्कलंड २०१८, १७. युव्हाल्डी २०२२, १९ मुलं आणि दोन शिक्षिका. एकूण मृत्यूंमध्ये सामूहिक गोळीबारांचा वाटा अगदी थोडा आहे हे मला माहीत आहे, पण पालकाला टक्केवारीचा आधार मिळत नाही.

१६ एप्रिल २००७ या दिवसाचा भारतीयांशी थेट संबंध आहे. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात त्या सकाळी ३२ जण मारले गेले. त्यात तमिळनाडूत जन्मलेले अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, आणि मुंबईहून वास्तुरचना शिकायला आलेली एक विद्यार्थिनीही. तेव्हा मी अमेरिकेला यायच्या तयारीत होते. आईनं ती बातमी वाचली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

त्या घटनेत दोन गोष्टी लक्षात घ्या. मारेकऱ्याकडे रायफल नव्हती, दोन पिस्तुलं होती. आणि तो स्वतःसाठी धोकादायक आहे, त्यानं उपचार घ्यावेत, असं एका न्यायाधिकाऱ्यानं २००५मध्ये ठरवलं होतं. पण उपचार रुग्णालयात दाखल न होता घ्यायचे होते, म्हणून व्हर्जिनियानं त्याचं नाव संघराज्याच्या यादीत पाठवलंच नाही. दुकानातली तपासणी झाली, यंत्रणेनं होकार दिला. नंतर राज्यांनी अशा नोंदी पाठवाव्यात म्हणून कायदा बदलला. एका कागदावर किती माणसं तोललेली असतात!

एआर-१५सारख्या रायफलींवर सरळ बंदी का घालत नाहीत?

घातली होती. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत संघराज्यात नव्यानं बनवलेल्या अशा काही अर्धस्वयंचलित हत्यारांवर आणि दहाहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर (बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या पेटीवर) बंदी होती. मुदत संपली, काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, वाढवली नाही. काही राज्यांत स्वतंत्र बंदी आजही आहे. माझ्या मते मोठ्या मॅगझिनवरची बंदी योग्यच, कारण मॅगझिन बदलायला लागणाऱ्या क्षणात मुलं पळू शकतात. पण २०२३च्या बंदुकीच्या खुनांमध्ये रायफलींचा वाटा जेमतेम चार टक्के होता. निम्म्याहून जास्त पिस्तुलांचा, आणि बऱ्याच नोंदींत हत्याराचा प्रकारच लिहिलेला नव्हता. फक्त रायफलींवर भांडत राहिलं तर पिस्तुलं मोकळी राहतात.

माझे शेजारी चांगली माणसं आहेत आणि त्यांच्याकडे पाच बंदुका आहेत. हे कसं समजून घ्यायचं?

तसंच समजून घ्यायचं: चांगली माणसं आहेत आणि त्यांच्याकडे पाच बंदुका आहेत. अमेरिकेत दर तीन प्रौढांमागे जवळजवळ एकाकडे बंदूक आहे. नागरिकांकडच्या बंदुकांचा २०१७चा अंदाज ३९ कोटींचा होता, म्हणजे माणसांहून बंदुका जास्त. वडिलांनी मुलाला हरणाच्या शिकारीला नेणं ही अनेक घरांत आपल्या पंढरीच्या वारीइतकी जपलेली रीत आहे. मोंटानात किंवा पश्चिम टेक्सासात पोलीस पोहोचायला तास लागू शकतो. तिथं एकट्या राहणाऱ्या बाईला "पोलिसांना फोन कर" एवढंच सांगणं पुरेसं नाही.

आणि इतिहासाची एक बाजू आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. १९५६मध्ये माँटगोमेरीत मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं की मर्जी कोणाकडे झुकते, हे कृष्णवर्णीय अमेरिकनांनी भोगलं आहे. १९६७मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी आली. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रेगन, आणि नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. म्हणून मला मर्जीवर चालणारा परवाना नको वाटतो. नियम लेखी हवा, सगळ्यांना सारखा हवा, आणि नकार मिळाला तर अपिलाची सोय हवी.

घरात बंदूक असली की घर सुरक्षित, हे खरं का?

स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. किती वेळा होतो यावर मात्र अंदाज वर्षाला ६० हजारांपासून २५ लाखांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी तफावत असली की ज्याला जो आकडा सोयीचा तो उचलतो.

दुसऱ्या बाजूला, घरात बंदूक असली की त्या घरातल्या माणसाच्या खुनाचा आणि आत्महत्येचा धोका वाढलेला दिसतो, हे १९९३पासूनच्या अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. पेट्रोल पंप, मोटेल, किराणा दुकान रात्री उशिरापर्यंत चालवणाऱ्या आपल्या भारतीय मंडळींची भीती मी समजू शकते, त्यांच्यावर दरोडे पडतात. त्यांनी गल्ल्यात बंदूक ठेवली तर मी त्यांना दोष देणार नाही. तीच बंदूक रात्री घरी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवली तर मात्र देईन.

गुन्हेगार कायदा पाळतच नाहीत, मग कायदे कोणासाठी?

गुन्हेगाराच्या हातातली जवळपास प्रत्येक बंदूक कधीतरी दुकानातून कायदेशीरपणे विकली गेलेली असते. मग ती चोरीला जाते, किंवा स्वच्छ नोंदीचा मित्र दुसऱ्यासाठी विकत घेतो, किंवा सैल नियमांच्या राज्यातून कडक नियमांच्या राज्यात येते. शिकागोचे नियम कडक आहेत, पण इंडियाना गाडीनं तासाभराच्या आत आहे. जॉर्जिया, व्हर्जिनियाकडून न्यू यॉर्ककडे जाणाऱ्या महामार्गाला पोलीस "लोखंडी नळ" म्हणतात.

गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढणं किती जिकिरीचं आहे बघा. १९८६च्या कायद्यानुसार संघराज्याला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायला मनाई आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्रात बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांतून साठवलेले असतात. कर्मचारी आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. मालकाच्या नावानं शोधता येणारी यादीच नाही. आपल्याकडे प्रत्येक शस्त्रपरवान्याला राष्ट्रीय नोंदणीत क्रमांक असतो, हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

ऑस्ट्रेलियासारखं का करत नाहीत?

२८ एप्रिल १९९६ला पोर्ट आर्थरमध्ये ३५ जण मारले गेले. जॉन हॉवर्ड यांचं उजव्या विचारांचं सरकार नुकतंच आलं होतं. बारा दिवसांत सगळी राज्यं कडक कायद्यावर सहमत झाली आणि सरकारनं सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डनब्लेनमध्ये १६ लहान मुलं आणि त्यांची शिक्षिका गेली, पुढच्या वर्षी ब्रिटननं पिस्तुलांवर बंदी घातली.

अमेरिकेत हे जसंच्या तसं होणार नाही. तिथं बंदूक बाळगणं हा घटनादत्त हक्क नव्हता, इथं आहे. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि ५०पैकी ३८ राज्यांची संमती हवी. साधा कायदासुद्धा सिनेटमध्ये बहुधा ६० मतांशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून "राष्ट्राध्यक्ष बदलला की होईल" असं मला कोणी म्हटलं की मी मान हलवते. युव्हाल्डीनंतर महिन्याभरात जो कायदा झाला, तो जवळपास तीस वर्षांतला संघराज्याचा पहिला मोठा बंदूक-कायदा होता. त्यानं २१ वर्षांखालच्यांची तपासणी कडक केली आणि राज्यांना पैसे दिले. छोटा होता, तरी मला त्याचं मोल आहे.

हा सगळा मानसिक आजाराचा प्रश्न नाही का?

मानसिक आजार जगभर आहेत, इतकी बंदुकीची हिंसा इतर श्रीमंत देशांत नाही. आजारी माणसांपैकी बहुतेक कधीच कोणावर हात उचलत नाहीत. त्यांना हिंसक ठरवणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

उपयोगाचं आहे ते धोक्याच्या लक्षणांकडे बघणं. कनेक्टिकटनं १९९९मध्ये पहिला "रेड फ्लॅग" कायदा केला, आता वीसहून अधिक राज्यांत तसे कायदे आहेत. घरच्यांनी किंवा पोलिसांनी न्यायालयाला सांगायचं की हा माणूस सध्या धोक्यात आहे किंवा धोकादायक आहे. न्यायालयाला पटलं तर काही काळ बंदुका काढून घेतल्या जातात. कनेक्टिकटच्या अभ्यासात अशा दर दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळल्याचा अंदाज निघाला. तुमच्या राज्यात हा कायदा आहे का, अर्ज कुठे करायचा, हे आजच बघून ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

कोणते कायदे चालतात, याचा अभ्यास झालाय का?

हवा तेवढा नाही, आणि त्यालाही राजकारण कारण आहे. १९९६मध्ये काँग्रेसनं अर्थसंकल्पात एक ओळ घातली, की सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी पैसा वापरू नये. त्या धाकानं वीस वर्षांहून अधिक काळ या विषयावरचं सरकारी संशोधन जवळपास थांबलं. २०२०च्या अर्थसंकल्पात पुन्हा २.५ कोटी डॉलर मिळाले.

रँड या संशोधन संस्थेनं उपलब्ध अभ्यास चाळून काढलेल्या निष्कर्षांपैकी मला सर्वांत भक्कम वाटतो तो हा: मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती कुलपात ठेवायला लावणारे कायदे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी करतात. उलट बाहेर धोका दिसला की माघार घ्यायचं बंधन नाही, असे जे "ठाम उभे राहा" कायदे आहेत ते बंदुकीचे खून वाढवतात.

भारतात कायदा कडक आहे, मग तिथं हा प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. १८७८चा ब्रिटिशांचा कायदा भारतीयांना परवान्याची सक्ती करी आणि युरोपियनांना सूट देई. आजचा कायदा १९५९चा. परवाना हा हक्क नाही. शहरात पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी चौकशी करून तो देतात. २०१९पासून एका माणसाला दोनच बंदुका, परवाना पाच वर्षांचा, आणि लग्नात हवेत गोळीबार केला तर शिक्षा. निवडणूक आली की पुष्कळांना शस्त्रं पोलिसांकडे जमा करावी लागतात.

पण गावठी कट्टा परवाना विचारत नाही. मध्य प्रदेशच्या हद्दीतून महाराष्ट्रात येणारी पिस्तुलं पोलीस वरचेवर पकडतात. २०१३मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि २०१५मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर सकाळी फिरायला गेले असता गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावठी पिस्तुलांतूनच. कडक कायद्यानं ठरवून केलेला खून थांबत नाही, हे मला मान्य आहे. त्यानं थांबतो तो रागाच्या भरातला, नशेतला, निराशेतला चाप. नवरा-बायकोच्या भांडणात, बांधाच्या वादात महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत काठी असते, बंदूक नसते. जखमी माणूस दवाखान्यात पोचतो, पुढे कदाचित समेटही होतो.

मुलांच्या शाळेतल्या लॉकडाऊन ड्रिलबद्दल त्यांच्याशी काय बोलावं?

इथल्या जवळपास सगळ्या सरकारी शाळांत ही ड्रिल होते. लेक बालवाडीत असताना तिनं व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं, "आजी, आज आम्ही अंधारात कोपऱ्यात बसलो, अजिबात आवाज नाही करायचा, मी जिंकले." आईनं फोन माझ्याकडे द्यायला सांगितला, पण बोलली काहीच नाही.

ड्रिलच्या आधी शाळेकडून तारीख विचारून घ्या. नाटकी गोळीबाराचे आवाज वापरणार असतील तर स्पष्ट विरोध करा, त्याची गरज नाही. मुलाला एवढंच सांगा, की बाईंचं ऐकायचं, आणि भीती वाटली तर घरी येऊन सांगायचं. आणि किशोरवयातल्या मुलांना आणखी एक सांगा: कोणी "मी शाळेत बंदूक आणणार" असं म्हणालं, थट्टेतही, तर ते मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नव्हे.

स्वतः बंदूक घ्यायचीच असेल तर?

प्रशिक्षण घ्या. बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली किंवा आकडे मुलांना माहीत नसावेत, आणि "त्याला माहीतच नाही कुठं ठेवलीय" यावर विश्वास ठेवू नका. आपण बेसनाच्या लाडवांचा डबा कुठं लपवतो हे जसं त्यांना कळतं, तसंच हेही कळतं. २०१५च्या पाहणीनुसार ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती जिथं किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१मध्ये एका १५ वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. बापानं पिस्तूल चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. २०२४मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना बंदुकीबद्दल विचारणं उद्धटपणाचं नाही का?

मलाही पहिल्यांदा जीभ रेटत नव्हती. आपल्याला दुसऱ्याच्या घरातलं विचारायची सवय नाही. मग मी ते शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीच्या प्रश्नाबरोबर विचारायला लागले. मेसेज असा असतो: "तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, पाण्यात एकटी सोडू नका. आणि मी सगळ्यांनाच विचारते, घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना?"

आजवर एकच बाई रागावली. बाकी सगळ्यांनी सरळ उत्तर दिलं. एका आजोबांनी तर मला तळघरात नेऊन तिजोरी दाखवली, आणि जाताना म्हणाले, की इतक्या वर्षांत हे विचारणारी मी पहिलीच. पुढच्या वेळी माझी मुलगी तिथं गेली तेव्हा त्यांनी स्वतःहून मेसेज केला होता: कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात आहे.